वाचक विचारतात : रात्री ट्रक लावायचा कुठे?

या वेळी आलेली पत्रं ड्रायव्हरांची आहेत, मालकांची आहेत, एक शेतकऱ्याचं आणि एक ग्रामपंचायत सदस्याचंही आहे. सगळ्यांच्या मुळाशी अडचण एकच. रस्ते सहापदरी झाले, गाड्या पंचावन्न टनांच्या झाल्या, पण गाडी चालवणाऱ्याला रात्री पाठ टेकायला जागा मिळेल याची खात्री अजून नाही. जागा नसली की गाडी साइडपट्टीवर लागते आणि अंधारात तिच्यावर मागून कुणीतरी येऊन आदळतं. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरहून अहमदाबादला माल नेतो. रात्री अकरानंतर पंपावर जागा नसते, ढाबेही भरलेले. साइडपट्टीवर गाडी लावली की कधी दंड होतो, कधी हाकलून देतात. नियमाने थांबायचं कुठे?
(ट्रकचालक, हातकणंगले)

साइडपट्टी ही बंद पडलेल्या गाडीसाठी आहे, मुक्कामासाठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केल्याबद्दल पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जागाच नव्हती, हे तुमचं म्हणणं खरं असलं तरी त्यानं कलम टळत नाही. तेव्हा जागा आधी ठरवायची आणि तिथे लवकर पोचायचं, हाच उपाय उरतो.

राष्ट्रीय महामार्ग ४८ वरचे चांगले पंप आणि ढाबे रात्री नऊ-दहापर्यंत भरतात. अकरा वाजता शोध सुरू केला तर हाती काही लागत नाही. आठ-साडेआठला गाडी लावा, जेवा, झोपा आणि पहाटे पाचला निघा. यात दुसराही फायदा आहे. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत शरीर आपसूक झोपेकडे ओढलं जातं, कितीही चहा घेतला तरी. तो काळ तुम्ही स्टिअरिंगवर नसता.

जागा शोधताना आधी सरकारी तेल कंपन्यांच्या ‘अपना घर’ सोय असलेल्या पंपांचा विचार करा. तिथे पलंगांची खोली, संडास, अंघोळीचा हौद, पिण्याचं पाणी आणि स्वतः रांधायला जागा असते. त्याच नावाच्या मोबाइल ॲपवर पंप शोधता येतो आणि पलंग राखताही येतो. त्यानंतर महामार्गावरच्या अधिकृत सुविधा केंद्रांकडे वळा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं धोरण दर ४० ते ६० किलोमीटरवर असं केंद्र देण्याचं आहे, पण सगळीकडे ती झालेली नाहीत. ‘राजमार्गयात्रा’ ॲपवर तुमच्या पट्ट्यात काय आहे ते पाहून ठेवा. तेही नसेल तर मोठं आवार असलेला ढाबा गाठा. आवार रस्त्यापासून आत असलं पाहिजे आणि गाडीचा कुठलाही भाग, मागचा फाळकासुद्धा, रस्त्यावर येता कामा नये. सर्व्हिस रोडवर मुक्काम टाळा. तिथून गावातल्या दुचाक्या जातात आणि रात्री बहुतेक ठिकाणी दिवे नसतात.

तुमच्या मार्गात आणखी एक पेच आहे. मुंबई-ठाण्याच्या हद्दीत अवजड गाड्यांना ठरावीक तास बंदी असते आणि ती सुटेपर्यंत शेकडो गाड्या वेशीवर रस्त्याकडेला ताटकळतात. त्या रांगेत झोप होत नाही, दर वीस मिनिटांनी गाडी पुढे घ्यावी लागते. अहमदाबादकडून येताना मनोर-चारोटी पट्ट्यातच थांबा. कोल्हापूरकडून येताना बोरघाट उतरण्याआधी झोप पूर्ण करा. झोप काढून वेळेवर वेशीवर पोचलात तर पोचायला उशीर होत नाही.

प्रश्न : गाडी उभी असताना रात्रभर पार्किंगचे दिवे चालू ठेवले तर सकाळी सेल्फ लागत नाही, असं उस्ताद सांगतात. म्हणून सगळेच दिवे बंद करून झोपतात. हे बरोबर आहे का?
(क्लीनर, परवान्यासाठी शिकतो आहे, जिल्हा बीड)

बरोबर नाही. हिशेब करून पाहा. मागचे दोन, पुढचे दोन, नंबरप्लेटचा एक आणि कडेचे-वरचे मिळून पाच वॉटचे साधारण दहा बल्ब धरा. झाले ५० वॉट. गाडीची वीज २४ व्होल्टची, म्हणजे ओढ दोन अँपिअरच्या किंचित वर. आठ तासांत १७ अँपिअर-तास गेले. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्या १२० अँपिअर-तासाच्या असतील तर सातवा भागसुद्धा खर्च होत नाही. एलईडी दिवे असतील तर त्याहून बरंच कमी. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवले तरी ते अर्धा वेळच पेटलेले असतात, म्हणून ओढ जवळपास तेवढीच येते.

तरी सेल्फ लागत नसेल तर दोष दुसरीकडे आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर टोकं सोडवून गरम पाण्यानं धुवा, घासा आणि घट्ट आवळून वर ग्रीस लावा. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या आम्लाची घनता दाखवणारा मापक, बुडवून पाहा. भरलेल्या बॅटरीत तो १.२६० च्या आसपास दाखवतो, १.२०० दाखवला तर बॅटरी निम्मी रिकामी आहे. एखादाच कप्पा फार कमी दाखवत असेल तर ती बॅटरी गेली. व्होल्टमीटर असेल तर गाडी काही तास बंद राहिल्यावर दोन्ही बॅटऱ्या मिळून २५.२ व्होल्ट किंवा जास्त हवेत. एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावू नका, जुनी नवीलाही खाली ओढते. सर्वांत मोठा चोर म्हणजे फ्यूजमधून न घेता थेट बॅटरीवरून ओढलेल्या शोभेच्या माळा, गाण्याची मशीन आणि चार्जर. ते काढा, पार्किंगचे दिवे चालू ठेवा.

दिव्यांच्या जोडीला परावर्तक पट्ट्या असतात, मागे लाल, पुढे पांढरी, कडेला पिवळी. रात्री लांबून आधी दिसते ती हीच पट्टी, आणि तिला वीज लागत नाही. पण पावसाळ्यात चिखलाचा थर चढला की ती मेलेलीच. गाडी लावल्यावर ओल्या फडक्यानं मागचा फाळका आणि पट्ट्या पुसायला दोन मिनिटं लागतात. ताडपत्रीचं टोक किंवा दोराचा शेपटा दिव्यावर लोंबत नाही ना, तेही बघा. मागचा आडवा संरक्षक दांडा जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. तो वाकून वर गेला असेल तर मागून येणारी कार फाळक्याखाली घुसते आणि काचेच्या उंचीवर धडक बसते.

गाडी साइडपट्टीवरच बंद पडली तर धोक्याचा त्रिकोण किती मागे ठेवायचा? ताशी १०० किलोमीटरनं येणारी कार सेकंदाला २८ मीटर तोडते. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरले तर ५५ मीटर गेले, गाडी थांबायला आणखी ६०-७० मीटर. म्हणून एक त्रिकोण १०० ते १५० मीटर मागे आणि दुसरा ५० मीटरवर ठेवा. वळण असेल तर पहिला त्रिकोण वळणाच्या अलीकडे. ठेवायला जाताना कठड्याच्या बाहेरून चाला, तोंड येणाऱ्या गाड्यांकडे असू द्या. झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवायची पद्धत सोडा. फांदी रात्री दिसत नाही, आणि गाडी निघून गेल्यावर दगड मागे राहतो. दुसऱ्या रात्री त्यावर एखादा दुचाकीवाला पडतो.

प्रश्न : नवीन ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली म्हणतात. मग एसी लावून केबिनमध्येच झोपता येईल, विश्रामगृहांची गरज काय?
(ट्रकमालक, मालेगाव)

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटातल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. दिवसा गाडी चालवताना तिचा फायदा निश्चित आहे. पण हा एसी इंजिनवर चालतो. उभ्या गाडीत तो आठ तास चालवायचा तर इंजिन आठ तास सुरू. ताशी दोन-तीन लिटर धरले तरी १६ ते २४ लिटर डिझेल जातं. एवढा खर्च कोणता मालक रोज सोसेल? ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापू नका, एवढंच सांगणं आहे.

पैशापेक्षा मोठा धोका धुराचा. सायलेन्सरच्या जोडात फट असेल किंवा शेजारच्या गाडीचा धूर आत येत असेल तर बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. हिवाळ्यात केबिनमध्ये कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवून दारं बंद करणं हे तर याहून घातक आहे. मच्छर अगरबत्तीही बंद काचेत नको.

बॅटरीवर चालणारे वेगळे एसी मिळतात. त्यांची ओढ २०-३० अँपिअरच्या घरात असते, म्हणजे १२० अँपिअर-तासाची बॅटरी दोन-तीन तासांत निम्मी होते, आणि सेल्फची बॅटरी असा खोल उपसा सहन करत नाही. त्यासाठी स्वतंत्र बॅटरी हवी. कमी खर्चात करायचं तर २४ व्होल्टचा पंखा लावा. तो अँपिअर-दीड अँपिअर खातो, रात्रभर चालू द्या. दोन्ही काचा तीन बोटं खाली ठेवा आणि फटीला बारीक जाळी लावा. आणि केबिन कितीही चांगली असली तरी तिच्यात संडास नाही, अंघोळ नाही, सलग पाठ सरळ करता येईल एवढी रुंदी बहुतेक गाड्यांत नाही. विश्रामगृहाची गरज तिथे उरतेच.

प्रश्न : माझ्या सहा गाड्या आहेत. चाकण ते नागपूर माल द्यायचा असतो. व्यापारी म्हणतात ई-वे बिलाची मुदत संपेल, म्हणून ड्रायव्हर न थांबता जातात. कायद्यानं किती तास गाडी चालवता येते?
(वाहतूक व्यावसायिक, भोसरी)

आधी ई-वे बिलाची, म्हणजे जीएसटीखाली मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन चिठ्ठीची, भीती काढून टाका. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. चाकण-नागपूर सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे चार दिवस. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. सोमवारी संध्याकाळी गाडी भरून बिल काढलं तर मंगळवारी रात्री बारापर्यंत पहिला दिवस, आणि शुक्रवारी रात्री बारापर्यंत मुदत. गाडी बंद पडली, घाट अडला, तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती पोर्टलवर वाढवून घेता येते. संपलेल्या बिलावर माल धरला तर दंड कराच्या दुप्पट असतो, त्यामुळे हे काम ड्रायव्हरवर न टाकता तुमच्या ऑफिसनं करावं.

तासांचं म्हणाल तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास घालून दिले. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन दिवसाचे दहा आणि आठवड्याचे ५४. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. जिथे कामगारांना रात्री थांबावं लागतं तिथे निवाऱ्याची तरतूद मालकानं करायची, हेही त्याच कायद्यात होतं. आता हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. सहा ड्रायव्हर आणि सहा क्लीनर मिळून तुमच्याकडे बारा कामगार होतात, तेव्हा आपण लहान आहोत म्हणून सुटलो असं धरू नका. तुमच्या करसल्लागाराबरोबर कामगार सल्लागारालाही एकदा विचारा.

भरलेली गाडी सरासरी ताशी ४०-४५ किलोमीटर पडते. सातशे किलोमीटरला सोळा-सतरा तास, म्हणजे एका ड्रायव्हरचे दोन दिवस. मंगळवारी पहाटे पाचला निघून संध्याकाळी जालना-सिंदखेडराजा पट्ट्यात मुक्काम, बुधवारी पहाटे निघून संध्याकाळी नागपूर. मुदतीचे दोन दिवस हातात राहतात. जालन्यापुढे समृद्धी महामार्ग घेणार असाल तर मुक्काम चढण्याआधीच उरका. तो दोन्ही बाजूंनी बंदिस्त रस्ता आहे, मध्ये मनात आलं म्हणून वळायला ढाबा नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागायला वेळही लागत नाही. हा रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे, त्यामुळे राष्ट्रीय महामार्गांची १०३३ ही मदतवाहिनी त्याच्यासाठी नाही. अडचणीत ११२ फिरवा आणि टोलच्या पावतीवरचा क्रमांक जवळ ठेवा.

भाडं ठरवताना मुक्कामाचा खर्च वेगळा लिहा. तो भत्त्यातच धरला की ड्रायव्हर तो वाचवतो, आणि वाचवतो म्हणजे रस्त्याकडेला झोपतो.

प्रश्न : राष्ट्रीय महामार्गाला लागून आमची दोन एकर जमीन आहे. ट्रक पार्किंग आणि मुक्कामाची सोय करायची आहे. काय काय लागेल? जमीन काळी आहे.
(शेतकरी, तालुका मेहकर)

करा, अशा जागांची फार गरज आहे. पण क्रम चुकवू नका. आधी महामार्गावरून आत येण्या-जाण्याच्या वाटेची परवानगी, मग बिगरशेती, मग बांधकाम. पुष्कळजण आधी शेड उभारतात आणि नंतर कळतं की ते महामार्गाच्या बांधकाम रेषेच्या आत आलं आहे. ते पाडावं लागतं. जागेची मोजणी करून मध्यरेषेपासूनची अंतरं नकाशावर घ्या, मगच फावडं लावा.

एका ट्रेलरची लांबी १८.७५ मीटरपर्यंत, साध्या ट्रकची १२ मीटरपर्यंत आणि रुंदी २.६ मीटर. दार उघडून उतरायला आणि टायर ठोकून बघायला जागा हवी म्हणून पट्टा चार मीटर रुंद आणि वीस मीटर लांब धरा. फिरायच्या वाटेसकट एका मोठ्या गाडीला सुमारे दीडशे चौरस मीटर लागतात. दोन एकर म्हणजे साधारण ८१०० चौरस मीटर. त्यातला पाव भाग इमारत, हौद, झाडं आणि कुंपणाला सोडला तर चाळीस गाड्या बसतील. यापेक्षा जास्त कोंबू नका. पट्टे तिरके आखा, आत येण्याचं फाटक वेगळं, बाहेर जाण्याचं वेगळं, गाडी मागे घ्यावी लागणार नाही अशी आखणी करा. रात्री रिव्हर्स घेतानाच क्लीनर चाकाखाली येतात आणि भिंती पडतात.

काळ्या जमिनीचं खरं दुखणं पावसाळ्यात कळतं. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा थर कितीही चांगला असला तरी मोडतो. वरची किमान ४५ सेंटिमीटर काळी माती काढा. मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी टाका, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा भाग पोकळ राहतो आणि पहिल्याच पावसात चाकोऱ्या पडतात. त्यावर २०-२५ सेंटिमीटर दाबलेली खडी. उतार साठाला एक असा, सभोवती चर, आणि चराला बाहेर वाट. पाणी निघालं नाही तर बाकी सगळा खर्च वाया. गाड्या जिथे वळतात तिथे ट्रेलरची मागची चाकं आडवी घासतात, पेव्हर ब्लॉक तिथे उखडतात. तेवढ्या भागात काँक्रीट करा. डिझेल-ऑइलचं पाणी चरात जाण्याआधी एका टाकीत अडवा, नाहीतर शेजाऱ्याच्या विहिरीत उतरेल.

चाळीस गाड्या म्हणजे ऐंशी माणसं. दरडोई ५०-६० लिटरनं रोज चार-पाच हजार लिटर पाणी, तेव्हा टाकी दहा हजारांची ठेवा. दहा माणसांमागे एक संडास, बैठा. एक-दोन संडास-न्हाणी बायकांसाठी वेगळ्या, आतून कडी आणि दिवा असलेल्या. अंघोळीला हौद आणि तांबे पुरतात, शॉवर मोडतात. रांधायला वाऱ्याआड पत्र्याखाली ओटे बांधा, गाड्यांपासून पंधरा मीटर लांब. पेट्रोल-गॅस-रसायनांचे टँकर वेगळ्या कोपऱ्यात, ओट्यापासून सगळ्यांत दूर. दिव्याचे खांब पट्ट्यांच्या मागे घ्या आणि बुंध्याला काँक्रीट भरलेला पाइप उभा करा.

पैसे रात्रीवर घ्या, तासावर नको. तासाचा मीटर पळत असला की माणूस झोप अर्धी टाकून निघतो.

प्रश्न : आमच्या गावच्या फाट्यावर रोज रात्री पंधरा-वीस ट्रक उभे असतात. दोन अपघात झाले. पोलिसांना सांगितलं की दोन दिवस गाड्या हटतात, पुन्हा तेच.
(ग्रामपंचायत सदस्य, जिल्हा धुळे)

गाड्या हटवल्या तर त्या पुढच्या गावच्या फाट्यावर लागतात. तिथे थांबण्याचं कारण शोधा. बहुधा आसपास पाण्याची सोय, चहाचं दुकान किंवा पंक्चरवाला असतो आणि मागे-पुढे बरंच अंतर काही नसतं.

चौपदरी महामार्गाच्या कंत्राटात ट्रक थांबे, बस थांबे, स्वच्छतागृहं या गोष्टी ‘प्रकल्प सुविधा’ म्हणून अनुसूची ‘सी’मध्ये लिहिलेल्या असतात. तुमच्या पट्ट्यात कोणत्या किलोमीटरवर ट्रक थांबा देण्याचं ठरलं होतं, तो बांधला का, त्याच्या देखभालीची जबाबदारी कुणाची, एवढे तीनच प्रश्न माहिती अधिकारात महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाला विचारा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अनुसूचीची प्रत मागायला विसरू नका. ‘सुविधा द्या’ असा नुसता ठराव फायलीत पडून राहतो. ‘अमुक किलोमीटरवरचा कंत्राटातला थांबा बांधलेला नाही’ असं लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. थांबा मंजूर होईपर्यंत फाट्यावर दिवे आणि साइडपट्टी रंगवण्याची मागणी १०३३ वर नोंदवा, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

प्रश्न : मुक्कामात डिझेल चोरीला जातं. तक्रार घ्यायला पोलीस ठाणी एकमेकांकडे बोट दाखवतात.
(ट्रकचालक, सोलापूर)

टाकीची बाजू भिंतीला किंवा ओळखीच्या गाडीला लागून लावा, झाकणाला कुलूप आणि तोंडात नळी न जाऊ देणारी जाळी बसवा. झोपण्याआधी काटा, किलोमीटर आणि मालाच्या सीलचा नंबर असे तीन फोटो काढा. स्टेपनीला साखळी लावा. बाहेरून हाक आली तरी केबिनचं दार उघडू नका, काचेतून बोला.

तक्रारीचं म्हणाल तर हद्दीचं कारण सांगून नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, ते ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत फुकट मिळते, ती घेऊनच निघा, विम्याला लागेल. आणि जबाबात ठिकाण लिहिताना ‘ढाब्याजवळ’ असं न लिहिता जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा आणि जाण्याची दिशा लिहा. त्यामुळे हद्दीचा वाद तिथल्या तिथे मिटतो.